माकडांना टायपिंगला कसं बसवावं (बेळगुंदी आणि पंचक्रोशीतल्या होतकरूंसाठी)

अभिनंदन! हे वाचायला घेतलंत म्हणजे तुमच्याकडे तीन गोष्टी आहेत असं मी धरून चालतो: रताळ्याचा एखादा तुकडा, त्यात येणारी माकडं, आणि आपल्या नावावर एखादा जाडजूड ग्रंथ असावा ही जुनी इच्छा. बेळगावच्या पश्चिमेला, राकसकोपच्या बाजूला, या तिन्ही गोष्टी घरटी मिळतात. त्या एकमेकींना जोडून बघायचं तेवढं कुणाला सुचलं नव्हतं. आमच्या काकांच्या शेतात मी ते जोडून बघितलं आहे, त्यामुळे या विषयातला पंचक्रोशीतला एकमेव तज्ज्ञ म्हणून बोलायला मला हरकत नसावी.

योजना मात्र माझी नाही, उसनी आहे. एमिल बोरेल नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने 1913 साली लिहिलं: समजा दहा लाख माकडं टाइपरायटरपुढे बसवली, रोज दहा-दहा तास मनाला येतील ती बटणं दाबू दिली, निरक्षर मुकादमांनी ते कागद गोळा करून त्यांची बाडं बांधली, तर वर्षाअखेर त्या बाडांत जगातल्या श्रीमंत ग्रंथालयांमधली सगळी पुस्तकं जशीच्या तशी निघतील. बोरेलला म्हणायचं होतं की हे होणे नाही, आणि वायूच्या रेणूंनी आपले नियम मोडणं तर याहूनही अवघड. लोकांनी माकडं तेवढी उचलली, रेणू तिथेच टाकले. कीर्तनाचंही तसंच असतं. आख्यान घरी येतं, निरूपण देवळात राहतं.

'निरक्षर मुकादम' हे दोन शब्द मात्र पेन्सिलीने अधोरेखित करून ठेवा. त्यांचं काम शेवटी पडणार आहे.

पायरी 1: माकड पारखून घ्या

काळ्या तोंडाचं, लांब हातापायांचं ते वानर. ते घेऊ नका, त्याला उंच झाडावर बसून विचार करायची खोड असते. तांबूस तोंडाचं आणि डोक्यावर मधोमध भांग पाडल्यासारखे केस असलेलं ते माकड. हेच आपल्याला हवं. त्याच्याकडे नुसतं बघितलं तरी ते जन्मतःच कारकुनीला तयार आहे हे लक्षात येतं.

पकडायच्या भानगडीत पडू नका. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 पासून आहे आणि वनखात्याला साहित्याची आवड असेलच असं नाही. शिवाय पकडायची गरजच काय? दसऱ्याच्या पुढेमागे रताळी फुगली की मंडळी आपणहून येतात, इतकी वेळेवर की हजेरीपट ठेवावा.

किती माकडं घ्यायची यावर थोरामोठ्यांत एकमत नाही. बोरेलला दहा लाख लागली. 'सिम्पसन्स' या अमेरिकन कार्टून मालिकेत 1993 साली कारखानदार बर्न्सने बंगल्यातल्या एका खोलीत हजार बसवली. रसेल मॅलोनीच्या 1940 सालच्या कथेत सहा चिंपांझी पुरतात, डेव्हिड आइव्हज्‌च्या 1987 सालच्या एकांकिकेत तीन. 'डिल्बर्ट' चित्रमालिकेत तर नायकाने केलेली कविता ऐकून त्याचा कुत्रा शांतपणे हिशेब सांगतो: तीन माकडं, दहा मिनिटं. तुम्ही नवशिके आहात, सहा घ्या. कळपातली बाकीची तीस प्रतीक्षायादीत ठेवा. ती तुमच्या शेतातच प्रतीक्षा करतील, त्याची चिंता नको.

पायरी 2: यंत्र घ्या, घंटी वाजवून घ्या

गोदरेजने 1955 साली पहिला भारतीय टाइपरायटर बाजारात आणला आणि 2009 साली उत्पादन थांबवलं. म्हणजे नवा मिळायचा नाही. कोर्टाच्या आवारात प्रतिज्ञापत्रं टाइप करणाऱ्या एखाद्याचा मुलगा कॉम्प्युटरवर गेला असेल तर वडिलांचं मशीन कपाटावर चादरीखाली असतं. तिथे जा. चहा घ्या. घाई करू नका. मशीन विकायचं की नाही याचा निर्णय त्या घरात गेली दहा वर्षं चालू असतो.

बघायचं काय? फीत अर्धी काळी, अर्धी तांबडी असते. तांबडा भाग कोरा करकरीत निघेल, कारण तांबड्यात लिहिण्याइतकं महत्त्वाचं आयुष्यात कुणाकडे फारसं काही निघत नाही. दोन बटणं एकदम दाबून बघा. दोन दांड्या एकमेकींत अडकून कागदापाशी उभ्या राहिल्या तर मशीन चांगलं आहे, अगदी तुमच्या शाळेतल्यासारखं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: ओळ संपत आली की 'टिंग' वाजलं पाहिजे. त्या घंटीशिवाय मशीन घेऊ नका. का, ते पुढे येईल.

माझ्या मशीनचे मालक पैसे मोजून घेताना म्हणाले, "कुणासाठी घ्यालाय?"

खरं सांगितलं. त्यांनी शंभराची एक नोट परत दिली. "त्यास्नी शेंगा घ्या," म्हणाले.

पायरी 3: पाटी

कर्नाटकच्या 2024 सालच्या दुरुस्तीप्रमाणे व्यवसायाच्या पाटीवर 60 टक्के जागा कन्नडला हवी. उरलेल्या 40 टक्क्यांत 'मर्कट टंकलेखन केंद्र, बेळगुंदी' एवढं मावतं. मोजून बघितलंय. 'शाखा नाहीत' मात्र मावत नाही.

पायरी 4: हिशेब

आता थोडं गणित. भिऊ नका. बटणं पन्नास धरू. माकड सेकंदाला एक बटण दाबतं, झोपत नाही, जेवत नाही, फोन घेत नाही असं मानू. (असा टायपिस्ट कुणाला मिळालाच तर मलाही कळवावं.)

'केळी' या शब्दाला चार बटणं लागतात: क, मात्रा, ळ, वेलांटी. पन्नासचा चौथा घात 62 लाख 50 हजार. म्हणजे सरासरी 72 दिवसांत एका माकडाच्या हातून 'केळी' उतरतील. आता इंग्रजीचं बघा. 2024 साली सिडनीच्या स्टीफन वुडकॉक आणि जे फॅलेटा या संशोधकांनी हाच हिशेब केला. बटणं तीसच धरली, तरी 'बनानाज' हा शब्द एका चिंपांझीला अख्ख्या आयुष्यात एकदा साधण्याची शक्यता फक्त 5 टक्के निघाली. मराठीला अभिजात दर्जा मिळाला तो याच वर्षी. दोन गोष्टींचा संबंध नाही, पण भाषणात जोडून सांगायला चांगल्या आहेत.

पुढे जाऊ. 'बेळगाव' या शब्दाला सहा बटणं, म्हणजे 495 वर्षं. आदिलशाहीत बसवलेलं माकड आज कुठे 'बेळगाव' लिहून पाय लांब करत असतं. पण 1 नोव्हेंबर 2014 रोजी शहराचं सरकारी नाव 'बेळगावी' झालं. एक वेलांटी वाढली, काम पन्नासपट वाढलं, माकडाच्या डोक्यावर चोवीस हजार वर्षांचा जादा बोजा पडला. नामांतरावर बाजूने आणि विरोधात पुष्कळ बोललं गेलं. टायपिस्टचा विचार कुणीच केला नाही.

'बेळगुंदी'ला आठ बटणं: 12 लाख 38 हजार वर्षं. हा आकडा मी काकांना सांगितला. ते म्हणाले, "पाटी आधी करून घेतलास ते बरं केलास."

आणि 'हॅम्लेट'? परदेशात सगळे 'हॅम्लेट'च मागतात. अक्षरं साधारण 1 लाख 30 हजार. नुसती सव्वीस रोमन अक्षरं धरली तरी शक्यता निघते एकावर 1 लाख 83 हजारांहून जास्त शून्यं चढवावीत तितक्यातली एक. एवढी शून्यं छापायची तर आपल्याला वेगळा अंक काढावा लागेल. तुलनेसाठी: गोपाळ गणेश आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस मिळाले, त्यांनी 'हॅम्लेट' मराठीत आणायला घेतलं आणि 1883 साली 'विकारविलसित' म्हणून ते छापूनही आलं. पण ते शिकलेले होते. होतकरूंनी अशा उदाहरणांनी नाउमेद होऊ नये.

पायरी 5: वेळ काढा

या उद्योगाला अनंत काळ लागतो. 'अनंत काळ' म्हणजे किती, हे इतर ठिकाणी फळ्यावर आकृती काढून समजवावं लागतं. आपल्याकडे सीमाप्रश्नावर महाजन आयोग 1966 साली नेमला, अहवाल 1967 साली आला, महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला 2004 साली. पुढची पायरी घ्या.

पायरी 6: नावं ठेवा

आइव्हज्‌च्या एकांकिकेत तीन माकडांची नावं मिल्टन, स्विफ्ट आणि काफ्का. त्यांना 'हॅम्लेट' लिहायचंय, पण 'हॅम्लेट' म्हणजे काय हे त्यांना कुणीच सांगितलेलं नाही. काफ्का बिचारी 'के' हे एकच अक्षर ओळीमागून ओळी बडवते. स्विफ्ट मालकाला विष घालायचे बेत आखतो, आणि ते बेत थेट 'हॅम्लेट'मधलेच असतात, फक्त ते कागदावर उतरत नाहीत. या विषयावर जे जे विनोदी लिहिलं गेलंय त्यात मला हे सगळ्यांत वरचं वाटतं, कारण इथे माकडं कंटाळतात. कंटाळा आल्याशिवाय कुणी लेखक झाल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

तुम्ही मराठी साहित्यिकांची नावं ठेवणार असाल तर हयातांची टाळा. वारलेल्यांचीही टाळा, त्यांच्या नावाची प्रतिष्ठानं असतात. आम्ही एक, दोन, तीन अशीच ठेवली. चार नंबर रुसला असं वाटलं, पण त्याचा चेहराच तसा होता.

पायरी 7: पहिला महिना असा जाईल

हे गमतीत घेऊ नका, हे प्रत्यक्ष घडलेलं आहे. 2002 साली इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या मंडळींनी कला परिषदेच्या अनुदानातून, दोन हजार पौंडांत, पेग्नटनच्या प्राणिसंग्रहालयात सहा माकडांच्या पिंजऱ्यात एक कॉम्प्युटर ठेवला. एल्मो, गम, हेदर, हॉली, मिसलटो आणि रोवन. महिनाभर. कळपाच्या नायकाने आधी कीबोर्ड दगडाने ठेचून बघितला. बाकीच्यांनी त्यावर विधी उरकले. आपल्याकडे मासिकं साभार परत पाठवतात, तिकडे ही पद्धत दिसते. महिन्याच्या शेवटी पाच पानं मजकूर निघाला, बहुतेक सगळा 'एस' या एका अक्षराचा, शेवटी शेवटी थोडे ए, जे, एल आणि एम. त्याचं रीतसर पुस्तक निघालं. शेक्सपिअरच्या समग्र साहित्याची पूर्वतयारी अशा अर्थाचं त्याचं नाव.

इंग्रजीत हे अपयश झालं. पण तोच कीबोर्ड देवनागरीचा असता तर? सरकारी इनस्क्रिप्ट पद्धतीत 'एस'च्या बटणावर एकाराची मात्रा असते. म्हणजे पाच पानं नुसत्या मात्रा, आणि एकीच्याही खाली अक्षर नाही. अधांतरी लटकलेल्या मात्रांची पाच पानं! आमच्या तरुणपणी अनियतकालिकांनी ती मुखपृष्ठासकट छापली असती. 'ए'वर ओकार, 'जे'वर र, 'एल'वर त, 'एम'वर स. एवढ्या भांडवलात 'तो' होतो, 'ते' होतं, 'तर' होतं, 'सर' होतात आणि 'रस'सुद्धा होतो. 'तो', 'ते' आणि 'तर' हाताशी असले की कादंबरी सुरू करता येते. 'सर' आले की तिच्यावर प्रबंधही होतो.

तेव्हा धीर सोडू नका. मशीनवर दगड पडला तर त्याला पहिलं समीक्षण समजा. कागद खाल्ला तर विक्री झाली म्हणून लिहा.

शुद्धलेखनाबाबत सक्ती करू नका. 'सिम्पसन्स'मधल्या त्या बर्न्सच्या एका माकडाने डिकन्सच्या कादंबरीच्या पहिल्या वाक्याची सुरुवात आणली होती. फक्त एक शब्द चुकला, तर म्हातारा त्याच्यावर खेकसला. मराठी साहित्य महामंडळाचे नियम 1962 पासून आहेत. दीर्घ वेलांटी चुकली म्हणून हाकलायला लागलो तर मंचावर कोण उरेल याचा आधी अंदाज घ्या.

पायरी 8: यश आलं तर काय करावं

ही शक्यता कुणी लक्षात घेत नाही, म्हणून सावध करतो. मॅलोनीच्या कथेत बेनब्रिज नावाचा पैसेवाला गृहस्थ सहा चिंपांझी आणतो आणि ते पहिल्या दिवसापासून निर्दोष मजकूर काढू लागतात. एक सरळ 'ऑलिव्हर ट्विस्ट' घेऊन बसतो. कचरा नाही, खाडाखोड नाही. गणिताचे प्राध्यापक मॅलर्ड येतात, बघतात, आणि संभाव्यताशास्त्राची ही बेअब्रू त्यांना सोसत नाही. ते पिस्तूल घेऊन परत येतात. पुढचं सांगत नाही, पण शेवटी त्या खोलीत बेनब्रिज आणि मॅलर्ड दोघंही पडलेले असतात, आणि मरतं माकड नवीन कादंबरीचं शीर्षक टाइप करत असतं.

धडा साधा आहे. गणिताच्या सरांना शेताकडे येऊ देऊ नका. आलेच तर रताळी देऊन बांधावरून परत पाठवा.

पायरी 9: मुकादम नेमा (ही पायरी गाळू नये)

आता ते अधोरेखित केलेले दोन शब्द काढा.

सहा माकडं, दहा तास, सेकंदाला एक बटण. पानाला दोन हजार बटणं धरली तर दिवसाला 108 पानं होतात. आकडा जपमाळेचा आहे, शुभ आहे. पण ही 108 पानं वाचायची कुणी? 'केळी' सत्तेचाळिसाव्या पानावर पडून असतील तर ती दिसायची कुणाला? बोरेलचे मुकादम निरक्षर होते. त्यांनी बाडं नीट बांधली असणार, पाठीला डिंक लावून, पण आत काय आहे ते त्यांना कळायचं नाही. वाचणाऱ्याचा पगार बोरेलने धरलेलाच नाही.

आपल्याकडे ही गोष्ट माकडांच्या फार आधीपासून ठाऊक होती. घुणाक्षरन्याय म्हणतात तो हाच: घुणाचा किडा लाकूड पोखरत जातो आणि त्या नक्षीत मधेच एखादं अक्षर उमटतं. किड्याला त्यातलं काही कळत नाही. अक्षर होतं ते तिथून जाणाऱ्या, लिहितावाचता येणाऱ्या आणि बऱ्यापैकी रिकाम्या माणसामुळे. गावच्या वाचनालयाचं कपाट उघडून बघा. तो किडा अजून लिहितोय आणि वाळवी अजून वाचतेय.

स्विफ्टने (हा खरा स्विफ्ट, माकड नव्हे) 1726 साली 'गलिव्हर'मध्ये एक यंत्र उभं केलंय. वीस फुटी चौकट, तिच्यात शब्दांचे ठोकळे, कडेने चाळीस दांडे. दांडे फिरवले की शब्द उलटेपालटे होतात आणि त्यातून कुणीही अडाणी ग्रंथ रचू शकतो. थट्टाच आहे. पण त्याने पोरांची वाटणी कशी केली ती बघा: चाळिसातली छत्तीस ओळी वाचायला आणि चार लिहून घ्यायला. छत्तीस वाचणारे, चार लिहिणारे! हे प्रमाण प्रत्येक साहित्यसंस्थेने चौकटीत घालून अध्यक्षांच्या खुर्चीमागे लावावं.

2011 साली जेसी अँडरसन या अमेरिकन प्रोग्रॅमरने कॉम्प्युटरमधल्या खोट्या माकडांकडून अख्खा शेक्सपिअर पुरा करून घेतला. त्याची युक्ती अशी की नऊ-नऊ अक्षरांचे तुकडे पाडायचे आणि शेक्सपिअरमध्ये कुठेही जुळेल तो तुकडा राखून ठेवायचा. तिथे वाचायला मशीनच होतं आणि त्याच्यापुढे उत्तरपत्रिका उघडी होती. डग्लस ॲडम्सच्या गोष्टीत तर अनंत माकडं दाराशी येऊन उभी राहतात. 'हॅम्लेट'ची संहिता तयार आहे, त्यांना तिच्यावर चर्चा करायची आहे. लिहून झाल्यावर त्यांनाही कुणीतरी हवंच होतं.

आता हा वाचक बेळगुंदीत कुठून आणायचा? तुम्ही म्हणाल, आपल्याकडे काय तोटा. थंडी पडली की या पट्ट्यात संमेलनांचा हंगाम लागतो. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमनी, तिकडे निपाणीच्या बाजूला कारदगा, आणि आपलं बेळगुंदी. ग्रंथदिंडी निघते, लेझीम घुमते, कळस घेतलेल्या बाया अनवाणी चालतात, भात कापून आलेली माणसं मांडी घालून परिसंवाद ऐकतात. बेळगाव शहरात अखिल भारतीय संमेलनं झाली, 1946 सालचं माडखोलकरांचं, 2000 सालचं य. दि. फडक्यांचं; पण एका तालुक्यात गावोगाव वर्गणी काढून, घरोघरच्या भाकरी गोळा करून संमेलन भरवणारा दुसरा मुलूख मला माहीत नाही. याबद्दल मी चेष्टा करणार नाही.

चेष्टा माझी करतो. अशाच एका कविसंमेलनात (गाव सांगत नाही) माझा नंबर सव्विसावा होता. पंचवीस कवींनी कविता म्हटल्या. मी त्यातल्या एकाचीही ऐकली नाही, कारण पंचविसांच्या पंचवीस वेळा माझी पहिली ओळ डोक्यात चालू होती: थांबायचं कुठे, वर बघायचं कुठे. माझी कविता झाली. खाली येऊन बसलो आणि माझ्या लक्षात आलं की सत्ताविसावा आपल्या कागदात डोकं घालून ओठ हलवत बसला होता, त्याने माझं अक्षर ऐकलेलं नाही. मला फार वाईट वाटलं. माणसं किती स्वार्थी असतात, असा विचार करत मी जेवायला उठलो.

म्हणून जाहिरात अशी द्या: 'पाहिजे: वाचक. स्वतः न लिहिणारा. अनुभवाची अट नाही.' मी तीन आठवडे वाट बघितली. चार अर्ज आले. चौघांनीही सोबत कविता जोडल्या होत्या.

पायरी 10: प्रात्यक्षिक

शेवटी मशीन शेतात न्या. आमच्या काकांच्या तुकड्यात राखणीचा माळा आहे. चार मेढी, वर फळ्या, झावळ्यांचं छप्पर. दिवसभर काका तिथे बसून तुपाचा रिकामा डबा काठीने बडवतात, तेव्हा कुठे वेल वाचतात. उजवा खांदा गेलाय त्यांचा त्या डब्यापायी. मी मशीन फळ्यांवर ठेवलं, कागद चढवला, बाजूला शेंगा पसरल्या आणि खाली बांधाआड लपलो.

काका म्हणाले, "काय करालास रे?"

"माकडांना टायपिंगला बसवालोय."

"बसव. बसली म्हंजे डबा तरी बंद हुईल."

माकडं आली. एक नंबर माळ्यावर चढला, मशीनभोवती फिरला, शेंगा खाल्ल्या, टरफलं दांड्यांच्या मधे टाकली आणि कागदाकडे बघून खाली उतरला. दोन, तीन आणि चार सरळ रताळ्यात गेले. पाच नंबरने फीत ओढून बाहेर काढली आणि गळ्यात घातली. अर्धी काळी, अर्धी तांबडी. त्याला शोभत होती, पण कोऱ्या कागदावर एक ठिपका नव्हता.

माझ्या पुस्तकात इथे लिहून ठेवलेलं होतं: शिष्याला जमत नसेल तर गुरूने करून दाखवावं. मी माळ्यावर चढलो. फीत परत मागून घेतली (कशी, ते विचारू नका), टरफलं काढली, बसलो आणि बोटं चालवायला लागलो. खटखट, खटखट. चांगली ओळभर. ओळ संपत आली आणि टिंग वाजलं.

कळप एका उडीत बांधापार. मी मागे न बघता दुसरी ओळ घेतली. टिंग. काजूच्या झाडांत गेली. तिसऱ्या ओळीला कळप दिसेनासा झाला. डब्याला ती एवढी कधीच घाबरायची नाहीत, सरावली होती.

मी थांबलो. पाच मिनिटांत काजूच्या फांद्या हलायला लागल्या.

"थांबलास कशाला?" काका खालून ओरडले. काठी त्यांनी टाकून दिली होती आणि खांदा चोळत मेढीला टेकून, कितीतरी दिवसांनी, निवांत बसले होते. "चालू दे की."

"काका, सुचायला नको काय? काय लिहू?"

"काय बी लिव. सांजपतोर लिव," ते डोळे मिटून म्हणाले. "वाचतंय कोण? खरं ती घंटी तेवढी वाजू दे."